रायफल ग्रुप सोडतेय? आधी स्क्रू बघा, मग श्वास

जवळजवळ दीड महिना मी माझा श्वास सुधारत होतो. ग्रुप, म्हणजे टार्गेटवर शॉटच्या भोकांचा पुंजका, जुळतच नव्हता. शॉट डावीकडे जायचे, सगळे नाही, दहातले तीन-चार, बाकीचे व्यवस्थित मधे. जो भेटेल तो सांगायचा की ट्रिगर दाबताना बोट वळतंय तुझं, कोणी म्हणायचं खांदा ढिला सोडतोस, कोणी म्हणायचं घाई करतोस, आणि मी बापडा प्रत्येकाचं ऐकून रोज काहीतरी नवीन बदलायचो. मग एकदा रायफल पुसताना फडकं फोरसाइटला (नेम धरायच्या पुढच्या साइटला) अडकलं आणि ती हलली. किती, तर केसाच्या जाडीइतकी. एक स्क्रू अर्धा फेरा ढिला होता, बास.

आता केसाच्या जाडीने काय होतंय असं वाटेल, म्हणून गणित करून दाखवतो. फोरसाइट आणि मागचं डायऑप्टर (ज्याच्या बारीक भोकातून नेम धरतात ती मागची साइट) यांच्यातलं अंतर समजा ७५ सेंटीमीटर आहे. फोरसाइट ०.१ मिलिमीटर उजवीकडे सरकली तर तुम्ही नकळत रायफलची नळी (बॅरल) डावीकडे नेऊन फोरसाइट परत मधे आणणार, आणि १० मीटरवर पेलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) १.३ मिलिमीटर डावीकडे पडणार. एअर रायफलच्या टार्गेटवर एक रिंग अडीच मिलिमीटरची असते, म्हणजे अर्धा पॉइंट गेला. ५० मीटरवर तोच ढिलेपणा साडेसहा मिलिमीटरच्या वर जातो. तुमचा श्वास कितीही योगी लोकांसारखा असला तरी हे भरून निघत नाही.

म्हणून नवीन लोकांसाठी हे लिहितोय. रायफलमधल्या कुठल्या गोष्टींनी शॉट इकडेतिकडे जातो आणि ते कुठल्या क्रमाने तपासायचं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात, म्हणजे आधी महागड्या पेलेट घेतात, मग ट्यूनर (नळीची थरथर जुळवायचं साधन) घेतात, मग दुसऱ्याची रायफल मागून बघतात, आणि शेवटी कधीतरी ॲलन की (षटकोनी पाना) हातात घेतात. मी मुख्यतः १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर पॉइंट टू टू (०.२२ बोअरची, दारूच्या काडतुसाची रायफल) डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण टार्गेट रायफल कुठलीही असो, तत्त्व तेच. रायफलने प्रत्येक वेळी तेच करायला पाहिजे जे तिने मागच्या वेळी केलं. शॉट मधे लागला नाही तरी चालेल, मधे आणायला साइटचे क्लिक (साइट सरकवणाऱ्या चाकाचे बारीक टप्पे) आहेत. पण शॉट रोज वेगवेगळ्या ठिकाणी जात असेल तर क्लिक काय करणार.

सुरुवातीला एकच गोष्ट, आणि ती माहीत असली तरी परत वाचा. पाना लावण्याआधी चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामी आहे हे डोळ्याने बघायचं, बोटाने चाचपायचं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामी असल्याची खूण) घालायचा. पॉइंट टू टूचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) काढूनच ठेवायचा. एअर रायफलचा सिलेंडर काढला तरी आत एका शॉटची हवा उरलेली असू शकते, त्यामुळे ती रिकामी आहे असं गृहीत धरू नका.

पायरी १: आधी स्वतःला बाजूला काढा

उभं राहून मारलेल्या टार्गेटवरून रायफलबद्दल काहीच कळत नाही. टेबलावर बसा, पुढे वाळूची पिशवी, मागे बटखाली (खांद्याला टेकतं त्या टोकाखाली) दुसरी छोटी पिशवी. पुढची पिशवी स्टॉकच्या (नळी ज्यावर बसवतात त्या लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या भागाच्या) खाली, नळीच्या खाली नाही, हे लक्षात ठेवा, कारण नळी टेकवली की ती वेगळीच वागते आणि तुम्ही भलतंच काहीतरी मोजत बसता. प्रत्येक शॉटला पिशवी स्टॉकच्या त्याच जागी आली पाहिजे, वाटल्यास स्टॉकवर टेपचा तुकडा चिकटवून खूण करा. गालाचा दाब हलका आणि दर वेळी सारखा.

मग १० शॉट मारा. तीन नाही, दहा. इथे लोक स्वतःला फार फसवतात. तीन शॉटचा सुंदर ग्रुप आला की फोटो काढतात आणि खूश. आकडेवारीचं साधं गणित असं आहे की त्याच रायफलचा, त्याच पेलेटचा १० शॉटचा ग्रुप सरासरीने ३ शॉटच्या ग्रुपच्या दीडपटीपेक्षा थोडा मोठाच येतो, आणि ५ शॉटच्या ग्रुपपेक्षा साधारण सव्वापट. रायफल बिघडलेली नसते, शॉट जास्त मारले की लांब जाणारा एखादा सापडतोच. त्यामुळे काल ३ मारले आणि आज १० मारले तर दोन्हीची तुलना करू नका. निदान तीन वेळा दहा-दहा मारा आणि सरासरी लिहा.

ग्रुप मोजायचा कसा, तर सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यातून एका पेलेटचा व्यास वजा करायचा, म्हणजे एअर रायफलला ४.५ मिलिमीटर आणि पॉइंट टू टूला ५.६. जे उरतं ते मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. आता किती आलं की चांगलं म्हणायचं? १० मीटरवर पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की १०.० गुण मिळतात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे १०.९ साठी पाव मिलिमीटरच्या आत लागतो. चांगली मॅच एअर रायफल टेबलावरून जवळजवळ एकाच भोकात मारते, भोक जरासं वाढलेलं दिसतं इतकंच. ५० मीटरवर १०.० म्हणजे मध्यापासून ८ मिलिमीटर. टेबलावरून रायफलचा ग्रुपच १५-१६ मिलिमीटरचा येत असेल तर १० ची सगळी जागा रायफलनेच खाल्ली, तुमच्या हाताच्या चुकीला काही उरलंच नाही.

आणि ग्रुपचा आकार बघा, नुसता मोठा-छोटा नाही. उभा लांबट ग्रुप असेल तर बहुतेक वेळा वेगात फरक पडतोय, म्हणजे हवा, गोळी किंवा फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी). आडवा असेल तर रायफल कलतेय किंवा साइट बाजूला हलतेय, आणि उघड्या रेंजवर अर्थातच वारा. दोन वेगवेगळे पुंजके पडत असतील, जणू टार्गेटवर दोन गावं वसलीत, तर काहीतरी ढिलं आहे आणि ते दोन जागांपैकी एका जागी जाऊन बसतंय. माझं हेच होतं. सगळीकडे विखुरलेलं असेल तर गोळी पटत नाहीये किंवा नळीच्या तोंडाला काहीतरी झालंय. हे काही शंभर टक्के निदान नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

टेबलावरचा ग्रुप छान आला तर? मग रायफल परत पिशवीत घाला आणि श्वासावर काम करा, पुढचं वाचायची आत्ता गरज नाही.

पायरी २: स्क्रू

सगळे. खरंच सगळे. ॲक्शन (नळीमागचा धातूचा भाग, ज्यात गोळी भरतात) स्टॉकला धरून ठेवणारे दोन (काहींना एकच), फोरसाइटचा, डायऑप्टरचा, बट प्लेटचे, गालाच्या पट्टीचे, हँडस्टॉपचा (पुढचा हात अडवणारा तुकडा), बॅरल वेटचे (नळीवरची वजनं), ग्रिपचा आतला लांब बोल्ट. यातला एकेक घेऊन हाताने हलवून बघा, पाना न लावता. हलतंय का, कट्ट आवाज येतोय का. गालाची पट्टी ढिली असली तर शॉट कसा जाईल असं कोणीतरी विचारतंच. डोळा दर वेळी डायऑप्टरच्या मागे थोड्या वेगळ्या जागी येतो, तुम्ही मान ताणून तो मधे आणता, आणि चाळिसाव्या शॉटला मानच दुखायला लागते.

ॲक्शन स्क्रूंचं प्रकरण मात्र वेगळं आहे. ते नुसते घट्ट असून भागत नाही, दर वेळी तेवढेच घट्ट पाहिजेत. हाताच्या अंदाजाने एकदा जास्त आवळला, एकदा कमी, की ॲक्शनवरचा ताण बदलला आणि ग्रुपची जागा सरकली, कधीकधी आकारही बिघडला. म्हणून छोटा टॉर्क रेंच लागतो, न्यूटन मीटरमधे आकडा लावायचा आणि टक् झालं की थांबायचं. आकडा किती तो तुमच्या रायफलच्या मॅन्युअलमधे असतो, दुसऱ्याच्या रायफलचा आकडा आपल्याला लावू नका, लाकडी स्टॉक आणि ॲल्युमिनियम स्टॉक यांच्यात बराच फरक असतो. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं त्यामुळे लाकडी स्टॉकवाल्यांनी हे जरा जास्त वेळा बघायचं.

एक युक्ती सांगतो, ती कोणालाही जमते. रायफल उभी धरा, एका हाताचं बोट असं ठेवा की अर्धं नळीवर आणि अर्धं स्टॉकच्या टोकावर येईल. आता दुसऱ्या हाताने पुढचा ॲक्शन स्क्रू हळूहळू ढिला करा. बोटाखाली काहीच जाणवलं नाही तर ॲक्शन स्टॉकमधे नीट बसलीये. नळी उचलली गेली किंवा सरकल्यासारखी वाटली तर ॲक्शन स्टॉकमधे वाकून बसली होती आणि स्क्रूने ती जबरदस्तीने दाबून धरली होती. यालाच बेडिंग खराब आहे म्हणतात. यावर उपाय म्हणजे जाणकाराकडून इपॉक्सी किंवा धातूचे खांब बसवून बेडिंग करून घेणं, ते घरी यूट्यूब बघून पहिल्याच रायफलवर करू नका, ॲक्शन स्टॉकला कायमची चिकटवून बसलेले लोक मी पाहिलेत.

सगळं आवळून झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या पृष्ठभागापर्यंत नेलपेंटची बारीक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय, पाना न लावता कळतं. मॅचच्या आधी पाच सेकंदात सगळी रायफल तपासून होते.

नळी फ्री फ्लोट आहे का तेही इथेच बघून घ्या. पुढचं टोक स्टॉकला टेकायला नको असं डिझाइन असेल तर कागदाची पट्टी नळी आणि स्टॉकच्या मधे घालून ॲक्शनपर्यंत सरकवत न्या, अडकायला नको. नळी एका बाजूने टेकत असेल तर स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) ताणली की स्टॉक किंचित वाकून नळीला ढकलतो, म्हणजे प्रोनमधे (पालथं झोपून) एक झीरो (शॉट मधे लागेल अशी साइटची जुळणी) आणि उभ्याने दुसरा, आणि तुम्ही दोन महिने पोझिशन बदलत बसणार.

पायरी ३: साइट

ढिली आहे का ते वर झालंच. आता क्लिक खरे आहेत का ते बघा. टेबलावरून ५ शॉट मारा, मग १० क्लिक उजवीकडे, ५ शॉट, मग १० क्लिक वर, ५ शॉट, मग १० डावीकडे, १० खाली. शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला पाहिजे आणि मधले ग्रुप चौकोनाच्या कोपऱ्यांवर. चौकोन वेडावाकडा आला किंवा परत आल्यावर ग्रुप लांब पडला तर साइटच्या आट्यांमधे झीज आहे, चाक फिरतं पण साइट मागून येते. जुन्या डायऑप्टरला हे सर्रास असतं. तात्पुरता उपाय असा की नेहमी एकाच दिशेने शेवटचा क्लिक द्यायचा, म्हणजे दोन क्लिक खाली यायचं असेल तर पाच खाली जाऊन तीन वर यायचं.

याच टेस्टमधे एक क्लिक म्हणजे टार्गेटवर किती मिलिमीटर ते पण कळतं, वहीत लिहून ठेवा. आणि दिशा! बऱ्याच जर्मन डायऑप्टरवर अक्षरं आणि बाण असतात आणि त्यांचा अर्थ असा की शॉट ज्या बाजूला गेलाय त्या अक्षराकडे फिरवा. आपण समजतो की शॉट जिकडे न्यायचा तिकडे फिरवायचं. बरोबर उलटं. नवीन माणसाचा पहिला अर्धा तास यातच जातो, शॉट उजवीकडे, मग आणखी उजवीकडे, मग टार्गेटच्या बाहेर. प्रत्येक मॉडेलचं तसंच असेल असं नाही म्हणून एकदा फिरवून बघाच.

मागच्या डायऑप्टरचं भोक साधारण १ ते १.२ मिलिमीटर ठेवतात, फोरसाइटची रिंग मात्र खूप बारीक घ्यायचा मोह होतो. रिंग आणि टार्गेटचा काळा गोळा यांच्यामधे पांढरा पट्टा नीट दिसला पाहिजे. फार बारीक रिंगमधे काळा गोळा कुठे आहे ते डोळ्याला ठरवताच येत नाही, मग तुम्ही जास्त वेळ धरून ठेवता, आणि जास्त वेळ धरलं की हात हलतो. मी तर म्हणेन की शंका असेल तर एक नंबर मोठी घ्या.

साइटबरोबरच रायफल कलण्याचं बघून टाकू, इंग्रजी पुस्तकात त्याला कँट म्हणतात. पेलेट सरळ रेषेत जात नाही, ती पडत जाते, म्हणून नळी साइटच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. रायफल उजवीकडे कलली की ते "वर" उजवीकडे वळतं आणि शॉट उजवीकडे थोडा खाली जातो. किती? १० मीटरवर एअर रायफलची पेलेट साधारण १७ ते १८ मिलिमीटर पडते, त्यामुळे ५ अंश कलली तर शॉट दीड मिलिमीटर सरकतो. ५० मीटरवर पॉइंट टू टूची गोळी साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास पडते, तिथे तेच ५ अंश एक सेंटीमीटरच्या वर जातात, म्हणजे एक रिंगपेक्षा जास्त. रायफल कलती धरणं वाईट नाही, खूप चांगले शूटर मुद्दाम कलती धरतात, पण दर वेळी तेवढीच. फोरसाइटमधे आडव्या रेघा असलेली रिंग घातली किंवा छोटा पाणसळीचा बुडबुडा बसवला की कळतं.

पायरी ४: पेलेट आणि राउंड

इथे पैसे घालवण्याआधी समजून घ्या की कुठली पेलेट चांगली हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमच्या नळीला कुठली आवडते हा प्रश्न. मॅच पेलेटच्या डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४८, ४.४९, ४.५० असा, आणि शंभराव्या भागाच्या फरकाने सुद्धा ग्रुप बदलतो. शेजारच्या लेनवरच्या मित्राला ४.५० आवडते म्हणून तुमच्या रायफलला आवडेलच असं नाही, अगदी तेच मॉडेल असलं तरी. दोन-तीन साइज थोड्या थोड्या आणा, टेबलावरून प्रत्येकीचे १० चे तीन ग्रुप मारा, आणि सगळ्या एकाच दिवशी.

पेलेटची मागची कड, स्कर्ट म्हणतात ती, फार मऊ शिशाची असते. डबा हातातून पडला की त्यातल्या कितीतरी पेलेट चेपतात, उघड्या डोळ्याला कधी दिसतं कधी नाही. पडलेला डबा सरावाला वापरा, मॅचला नाही. आणि पेलेट खिशात सुट्या ठेवू नका रे बाबांनो.

पॉइंट टू टूमधे तर प्रकरण आणखी खोल आहे कारण तिथे राउंड (काडतूस) आपण बनवू शकत नाही, कारखान्यातून जसा येतो तसा घ्यायचा. एकाच ब्रँडच्या एकाच नावाच्या राउंडचे वेगवेगळे लॉट (एका खेपेत बनलेला माल) एकाच रायफलमधून वेगळे ग्रुप देतात. म्हणून मोठे शूटर नळी शिकंज्यात बसवून लॉटमागून लॉट टेस्ट करतात आणि पटलेल्या लॉटची पेटीच्या पेटी उचलतात. नवीन माणसाला एवढं नको, पण डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहायची सवय आजपासून लावा, आणि एका मॅचमधे दोन लॉट मिसळू नका.

वेग का महत्त्वाचा त्याचा हिशोब. मॅचची पॉइंट टू टू गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंदाने निघते, मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेली असते, कारण तो वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. आता एक गोळी ३२० ने निघाली आणि पुढची ३१० ने, तर दुसरीला पोचायला वेळ जास्त लागतो, ती जास्त पडते, आणि ५० मीटरवर साधारण ८ मिलिमीटर खाली लागते. ८ मिलिमीटर म्हणजे तिथली बरोबर एक रिंग. तुम्ही काहीही चूक केलेली नसते.

पायरी ५: ढकलणारी ताकद

एअर रायफलमधे ही ताकद हवेची. बहुतेक आधुनिक मॅच रायफलच्या सिलेंडरमधे जास्तीत जास्त २०० बार भरतात आणि रेग्युलेटर त्यातून दर शॉटला ठरलेल्या दाबाची हवा देतो. सिलेंडर खूप रिकामा झाला की रेग्युलेटरला द्यायला काही उरत नाही आणि वेग पडायला लागतो. १७० च्या आसपासचा वेग ५ मीटर प्रति सेकंदाने कमी झाला तर १० मीटरवर शॉट सुमारे एक मिलिमीटर खाली, म्हणजे चार दशांश गेले. एका शॉटला चार दशांश, साठ शॉट आहेत, करा गुणाकार. गेजचा काटा लाल पट्ट्यात जायच्या बराच आधी सिलेंडर बदला, आणि सिलेंडरवरची मुदतीची तारीख बघा, संपलेला सिलेंडर भरणं धोक्याचं आहे आणि मॅचमधे चालतही नाही.

रेग्युलेटर चिकटत असेल तर पहिला शॉट वेगळा जातो, बराच वेळ थांबून मारला की विशेषतः. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर २० शॉटचा वेग लिहून काढा, त्यातल्या पाचव्या आणि सहाव्या शॉटच्या मधे मुद्दाम दहा मिनिटं थांबा. क्रोनोग्राफ नसेल तर ब्रीचची (नळीचं मागचं तोंड, जिथून पेलेट घालतात) सील तरी बघून घ्या. पेलेट घालून बंद केल्यावर ब्रीचच्या फटीवर टिश्यूचा पातळ तुकडा ठेवायचा आणि रायफल टार्गेटकडे रोखून शॉट मारायचा. टिश्यू उडाला तर तिथून हवा निसटतेय. ओ-रिंग (रबरी कडी) बदलायची, रुपयातलं काम, पण सिलिकॉन ग्रीस लावा, साधं पेट्रोलियम तेल दाबाच्या हवेच्या जवळ कधीच नाही.

स्प्रिंगवाल्या ब्रेक-बॅरल रायफलवर शिकत असाल तर तुमचं गणित वेगळं. पेलेट बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन धावायला लागतो, रायफल आधी मागे आणि मग पुढे उडी मारते. त्यामुळे ती आवळून धरली तर एक जागा, हलकी धरली तर दुसरी. अशी रायफल सैल हातावर ठेवायची आणि तिला हवी तशी उडू द्यायची. आणि नळी जिथे मुडपते तिथल्या बिजागरीचा स्क्रू, तो बघा. नळी बंद केल्यावर बाजूला हलली तर बाकी सगळं व्यर्थ.

पॉइंट टू टूमधे ताकद दारूची, पण ती सारखी पेटते का हा प्रश्न फायरिंग पिनचा आहे. रिमफायर राउंडमधे ठिणगीचा मसाला मागच्या कडेत भरलेला असतो आणि पिनने ती कड ठेचायची असते. बोल्टमधे जुनं घट्ट झालेलं तेल, शिशाचा चुरा, थकलेली स्प्रिंग, यांनी ठोका कमजोर पडतो. राउंड उडतो तरीही, म्हणून लक्षात येत नाही, पण वेग वरखाली होतो आणि ग्रुप उभा लांबतो. मारलेल्या राउंडच्या दहा रिकाम्या पितळी पुंगळ्या उचलून खिडकीच्या उजेडात एका ओळीत लावा आणि पिनच्या खुणा बघा. सगळ्या तितक्याच खोल, त्याच आकाराच्या दिसल्या पाहिजेत. एखादी उथळ दिसली तर बोल्ट उघडून साफ करायची वेळ झाली.

पायरी ६: नळी

नळीचं सगळ्यात नाजूक ठिकाण म्हणजे तिचं तोंड, क्राउन. गोळी नळीला शेवटचा स्पर्श तिथे करते. कडेला एका बाजूने ओरखडा असेल तर गोळी सुटताना मागची हवा किंवा गॅस त्या बाजूने आधी निसटतो आणि तिला ढकलतो. भिंग घेऊन टॉर्चच्या उजेडात बघा, कापसाचा बोळा कडेवरून आतून बाहेर फिरवा, धागा अडकला तर तिथे काहीतरी आहे. म्हणूनच साफ करताना रॉड शक्यतो ब्रीचकडून घालायचा, तोंडाकडून नाही, आणि उघडा खडबडीत रॉड तर नाहीच. माझ्या मते रायफली मारून जेवढ्या खराब होतात त्यापेक्षा जास्त त्या चुकीच्या सफाईने होतात.

किती वेळा साफ करायची यावर लोक भांडतात. एअर रायफलला कमी लागते, अधूनमधून फेल्टचे दोन-तीन बोळे. पॉइंट टू टूत चेंबरच्या जरा पुढे शिसं आणि जळका थर साचतो आणि तो काढावा लागतो. ग्रुप वाढायला लागल्यावर साफ करा आणि त्या आधी किती राउंड झाले ते लिहा, दोन-तीन वेळा लिहिलं की तुमच्या नळीचा आकडा सापडतो. साफ केल्यावर पहिले काही शॉट भटकतात, त्यावर साइट हलवू नका.

शॉट सुटताना नळी थरथरते, ताणलेल्या तारेसारखी, आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड कुठे आहे त्यावर शॉट ठरतो. बॅरल वेट पुढेमागे सरकवलं की ही थरथर बदलते. ट्यूनर याच तत्त्वावर चालतो, बघायचं असं असतं की हळू गोळी जराशी उशिरा निघते तेव्हा तोंड वर जात असावं, म्हणजे तिचं जास्तीचं पडणं भरून निघतं. ऐकायला भारी आहे, पण पहिल्या वर्षी ट्यूनरला हात लावू नका. वेट मात्र एकदा ठरवा, त्याची जागा पेन्सिलने खूण करा आणि तसंच राहू द्या.

पायरी ७: ट्रिगर

ट्रिगर नळी कुठे रोखलीये ते बदलत नाही, पण ती रोखलेली राहू देतो का हे त्याच्यावर आहे. ट्रिगर सुटल्यापासून गोळी तोंडातून बाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात रायफल हललीच तर शॉट तिकडे जातो. एअर रायफलचे मॅच ट्रिगर १०० ग्रॅमच्या आसपास लावतात. नवीन माणसाने एकदम तिथे जाऊ नये, बोटाला पहिला टप्पा (सुटण्याआधीचा हलका प्रवास) संपल्याचं कळलंच नाही तर शॉट तुमच्या आधी सुटतो.

बघायच्या गोष्टी तीन. पहिला टप्पा जिथे संपतो ती भिंत दर वेळी त्याच जागी लागते का. भिंतीनंतर ट्रिगर घसरत, खरखरत सुटतो का काच फुटल्यासारखा. सुटल्यावर तो मागे किती धावतो, कारण जास्त धावला तर बोट आपटून रायफल हलवतं. स्प्रिंगचा ट्रिगर गेज घेऊन दहा वेळा वजन मोजा, आकडे पाच-दहा ग्रॅमच्या आत राहिले पाहिजेत. बाहेरच्या स्क्रूंनी ट्रिगरचं वजन आणि पहिल्या टप्प्याची लांबी बदलता येते, पण एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि आधीची जागा लिहून. ट्रिगर हलका केल्यावर रिकामी रायफल कॉक करून बट जाडशा मॅटवर हलकेच आपटून बघा, आपोआप सुटली तर ती वापरायची नाही, लगेच परत फिरवा.

ड्राय फायर (गोळी न घालता ट्रिगर ओढणं) एअर रायफलवर तिच्या ड्राय मोडमधेच करा. पॉइंट टू टूवर रिकाम्या चेंबरवर खटाखट करू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटत राहिली तर कडेला खाच पडू शकते. त्यासाठी प्लास्टिकचा डमी मिळतो.

हे सगळं एकाच दिवशी करायचं नाही. एक गोष्ट बदलली की १० चे तीन ग्रुप, वहीत तारीख, तापमान, लॉट, काय बदललं, किती आलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ग्रुप सुधारला तर कुणामुळे सुधारला ते कधीच कळणार नाही, आणि बिघडला तर त्याहून वाईट.

तीन ठिकाणी मात्र स्वतः हात घालू नका: ट्रिगरच्या आतल्या सीअरचे (सुटेपर्यंत अडकवून ठेवणारा खटका) पृष्ठभाग, नळीचं क्राउन, आणि रेग्युलेटर. सीअर घासला तर रायफल स्वतःहून सुटायला लागू शकते, क्राउन बिघडलं तर लेथवर जावं लागतं, आणि रेग्युलेटरमागे २०० बार दाब असतो. यासाठी जाणकार मेकॅनिककडे जाताना नुसतं "नीट मारत नाही" असं सांगू नका, वही आणि टार्गेट दोन्ही घेऊन जा. माझंच बघा, दुसऱ्या एका वेळी मेकॅनिक माझा उभा लांबट ग्रुप बघूनच म्हणाला, हवा बघू आधी.